पायऱ्या एकाहत्तर, वजा घसारा

१ मार्च, रविवार

रोजनिशी पुन्हा सुरू. मागची जानेवारीत सहा दिवस चालली. सातव्या दिवशी पेन संपलं, त्यात माझा काही दोष नाही.

या वेळी कारण मोठं आहे. सासूबाईंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन २७ एप्रिलला ठरलंय. त्याआधी त्यांना तीन-चार दिवस समुद्रावर जायचंय. चौतीस वर्षं त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजच्या बिनखिडकीच्या खोलीत हेडफोन लावून काढली. आता मागणं एकच. सकाळी डोळे उघडले की उशीवरूनच पाणी दिसावं, उठावं लागू नये. ऑपरेशननंतरचं कोणी पाहिलंय, असं म्हणाल्या. हिच्या डोळ्यांत पाणी आलं.

डॉक्टरांची अट: एका दमात दहापेक्षा जास्त पायऱ्या नकोत.

जाणार पाचजण. मी, ही, लेक, सासूबाई आणि मेहुणा. हिनं एक घर बघूनही ठेवलं होतं, पण मी म्हटलं थांब. हल्ली नेटवर घरांच्या नावाखाली काय वाट्टेल ते खपवतात. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं. मी मोटार इन्शुरन्समध्ये बावीस वर्षं सर्व्हेअर आहे. लोक गाडीची जुनी पोच नवी म्हणून दाखवायला येतात आणि मी नुसता फोटो बघून सांगतो, की आत गंज आहे, ही गेल्या वर्षीची. ऑफिसात मला एक्स-रे म्हणतात. तोंडावर नाही, पण म्हणत असावेत.

बुकिंग मी करणार. ही म्हणाली, बरं. जरा उशिरा म्हणाली, पण म्हणाली.

३ मार्च, मंगळवार

जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या मोठ्या स्क्रीनवर हिनं निवडलेलं घर तपासलं. नाव ‘निळी दारं’. समुद्राला लागून रस्ता, रस्त्याला लागून व्हरांडा, व्हरांड्याला लागून बेडरूम. पायऱ्या दोन. फोटो अठरा. रिव्ह्यू एकशे बारा आणि सगळे चांगले.

इथेच माझे कान टवकारले. एकशे बारा माणसं एका घरावर खूश? आमच्या घरात तीन माणसं एका भाजीवर खूश नसतात.

पुढे तर कमालच. चार नंबरच्या फोटोत व्हरांड्याच्या खांबाची सावली डावीकडे पडलीय आणि नऊ नंबरच्या फोटोत त्याच खांबाची सावली उजवीकडे. एका घराला दोन सूर्य! शिवाय उशीवरून समुद्र कसा दिसतो याचा खास वेगळा फोटो. गिऱ्हाइकाच्या मनात आहे तेच अचूक पुढ्यात आलं, की समजावं कुठेतरी पाणी मुरतंय.

संध्याकाळी लेकीला दाखवलं. ती म्हणाली, बाबा, एक फोटो सकाळचा असेल, एक संध्याकाळचा. सतरा वर्षांची आहे. अजून एकही क्लेम पाहिलेला नाही. मी रागावलो नाही.

५ मार्च, गुरुवार

नुसतं न घेऊन भागत नाही. आज आपण वाचलो, उद्या दुसरा कोणी बुडेल. त्या साइटवर खाली बारीक अक्षरात ‘दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तक्रार करा’ असं बटण आहे. मी ते दाबलं. तिथे दोन ओळी लिहायची जागा होती. मी चार पानांचा रिपोर्ट जोडला. सावल्यांवर लाल बाण काढले, एकूण सव्वीस. हात तसा सुरेख चालला.

ही म्हणाली, नको तर नको घेऊस, तक्रार कशाला? कोणाचं तरी पोट असेल त्यावर. बायकांना व्यवहारात हळवेपणा आड येतो. मेहुण्याला फोन करून सांगितलं, तर तो म्हणाला, भाऊजी, तुम्ही एकदा त्यांना फोन करून विचारायचं ना. चोराला विचारून चोरी पकडतात का? मेहुण्याचं चष्म्याचं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी त्यानं बुक केलेलं ‘निसर्गरम्य कॉटेज’ टायर रिमोल्ड करणाऱ्या गॅरेजच्या समोर निघालं होतं. हा विषय मी सहसा काढत नाही. आज काढला.

९ मार्च, सोमवार

साइटकडून उत्तर! तक्रार गंभीर स्वरूपाची असल्याने चौकशी पूर्ण होईपर्यंत ‘निळी दारं’ ही जाहिरात बंद ठेवण्यात आली आहे. दक्षतेबद्दल आभार.

प्रिंट काढून फ्रिजवर चिकटवलं. हिनं त्यावर दूधवाल्याचा हिशेब चिकटवला. असो, खाली आहे ते आहेच.

१२ मार्च, गुरुवार

चार दिवसांत त्रेचाळीस घरं बाद केली. कुणाच्या जाहिरातीत ‘समुद्रापासून हाकेच्या अंतरावर’ लिहिलंय, पण हाक कोणी मारायची ते लिहिलेलं नाही. एका खोलीत फरशा मोजल्या, तर कपाट भिंतीपेक्षा मोठं आलं. एकाचे रिव्ह्यू फार चांगले, म्हणजे नातेवाईक. एकाचे फार वाईट, म्हणजे शेजारचा हॉटेलवाला. एकाला रिव्ह्यूच नाहीत, म्हणजे भामटा नवा आहे.

चाळीसेक मालकांना फोन करून उलटतपासणी घेतली. एका बाईंनी मधेच विचारलं, तुम्ही पोलिसातून बोलताय का? एकानं, माझं घर मी तुम्हाला देणारच नाही, असं सांगून फोन आपटला. खाई त्याला खवखवे.

ही म्हणते, सुट्ट्या जवळ आल्या, घरं भरत आली. मी म्हटलं, घाईत लग्न आणि सावकाशीनं पश्चात्ताप. ती म्हणाली, ते मला माहीत आहे. कशाबद्दल म्हणाली ते विचारायचं राहिलं.

१४ मार्च, शनिवार

सापडलं. हातातला कप तसाच राहिला, चहा गार झाला.

या जाहिरातीत फोटो सहा. एक वाकडा. एकाच्या कोपऱ्यात फोटो काढणाऱ्याचा अंगठा. एक पायऱ्यांचा, एक बादलीचा, एक बेसिनला गेलेल्या तड्याचा. चोर कधी बादलीचा फोटो काढेल? बावीस वर्षांत मी शिकलो ते हेच. लबाड माणसाचे फोटो छान असतात आणि खऱ्या माणसाचा अंगठा मधे येतो.

मजकूर जसाच्या तसा उतरवून ठेवतो, पुढे कधी ऑफिसात ट्रेनिंगला दाखवता येईल:

‘घर टेकडीवर आहे. पायऱ्या एकाहत्तर. समुद्र घरातून दिसत नाही. चालत बावीस मिनिटं. पायऱ्या उंच आहेत. खाली बर्फाचा कारखाना आहे, तो पहाटे साडेचारला सुरू होतो. पंखा एक. गाद्या कडक. गरम पाणी सहा ते सात.’

रिव्ह्यू तीन. तिन्हीत एकच वाक्य, लिहिलंय तसं आहे.

वाचून मन भरून आलं. या जगात अजून अशी माणसं आहेत.

१५ मार्च, रविवार

आता पायऱ्या एकाहत्तर म्हटल्यावर कोणीही घाबरून पळेल. इथेच सामान्य माणूस आणि सर्व्हेअर यांत फरक पडतो.

आमच्याकडे गाडीचा जुना पार्ट मोडला की पुऱ्या किमतीचा धरत नाहीत. वयाप्रमाणे त्यातून रक्कम वजा करतात. त्याला घसारा म्हणतात. रबर आणि प्लास्टिकला पन्नास टक्के, बाकीच्याला कमी-जास्त. तेच तत्त्व इथे. लबाड मालक गुण फुगवून सांगतो, तसा प्रामाणिक मालक दोष फुगवून सांगतो, उद्या कोणी बोट दाखवू नये म्हणून. तेव्हा याच्या दोषांवर चाळीस टक्के घसारा लावला.

पायऱ्या: बेचाळीस पूर्णांक सहा. चालत अंतर: तेरा मिनिटं, म्हाताऱ्या मालकाच्या चालीनं, म्हणजे माणसाच्या चालीनं आठ. कारखान्याचा आवाज: पंख्याइतका. ‘समुद्र दिसत नाही’ यातून चाळीस टक्के काढले तर थोडासा दिसायलाच हवा, गणितच आहे. बेचाळीस पायऱ्या म्हणजे दहा-दहाचे चार टप्पे, मधे विसावा. डॉक्टरांची अटही मोडत नाही.

मालकाला फोन केला. आधी वजनकाट्यावर होते, ट्रक तोलायचे. मनात मी त्यांचं नाव काटेवाले ठेवलं. मी विचारलं, समुद्र खरंच दिसत नाही? ते म्हणाले, नाही. मी म्हटलं, जरासुद्धा? ते म्हणाले, जरासुद्धा नाही. मी म्हटलं, गच्चीवरून? ते म्हणाले, गच्ची नाही. मग त्यांनी विचारलं, बरोबर वयस्कर माणूस आहे का? असेल तर दुसरं घर बघा.

स्वतःचं गिऱ्हाईक परत पाठवणारा माणूस! मी तिथल्या तिथे बुकिंग केलं. ९ ते १२ एप्रिल. आगाऊ भरलेलं परत मिळत नाही, तेही त्यांनी दोनदा सांगितलं.

१६ मार्च, सोमवार

घरच्या ग्रुपवर मेसेज टाकला. शब्द थोडे सजवले, कारण कोरडं लिहिलं की घरात उत्साह येत नाही:

‘टेकडीवरचं टुमदार घर, समुद्राच्या सान्निध्यात! मोजक्या पायऱ्या. थंडगार परिसर. पाठीला उत्तम अशा गाद्या. पहाटे लवकर जाग येण्याची नैसर्गिक सोय. मालक देवमाणूस.’

मेहुण्यानं अंगठा पाठवला. सासूबाईंनी हात जोडलेले पाठवले. हिनं विचारलं, लिंक कुठेय? मी म्हटलं, सरप्राइज आहे. ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. विश्वास असाच हळूहळू बसतो.

२२ मार्च, रविवार

सासूबाईंचा फोन. त्यांनी विचारलं, जावईबापू, खिडकी कुठल्या बाजूला आहे? मी नकाशा बघूनच ठेवला होता. समुद्राच्या बाजूला, असं सांगितलं आणि ते शंभर टक्के खरं आहे. मधे टेकडी आहे, पण बाजू तीच.

त्या म्हणाल्या, मी नवी उशी घेतलीय, उंच. आडवं झाल्यावर नीट दिसावं म्हणून.

फोन ठेवल्यावर जरा अस्वस्थ वाटलं. दुपारी वडे जास्त झाले होते, त्यामुळे असेल.

८ एप्रिल, बुधवार

बॅगा भरल्या. संकल्प: तिथे पोचल्यावर ‘मी म्हटलं नव्हतं का’ हे वाक्य दोनदापेक्षा जास्त म्हणायचं नाही. मेहुण्यासमोर तीनदा चालेल.

९ एप्रिल, गुरुवार. दुपारी ३.१०

पोचलो. मेहुण्याच्या गाडीनं सहा तास. काटेवाले पायऱ्यांच्या तळाशी उभे होते, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यांनी सासूबाईंची काठी पाहिली, मग मला पाहिलं. म्हणाले, मी फोनवर विचारलं होतं. मी म्हटलं, हो हो, विचारलं होतंत, आणि बॅग उचलली.

दुपारी ३.४०

लेकीनं मोठ्यानं मोजत मोजत चढ काढला. एकाहत्तर. मी परत मोजल्या. एकाहत्तर. घसारा लागलेला नाही.

मात्र एक गंभीर त्रुटी सापडली. प्रत्येक पायरी वीतभर उंच आहे आणि जाहिरातीत त्याचा उल्लेख नाही. मी तसं काटेवाल्यांना स्पष्ट सांगितलं. त्यांनी फोन काढून पाचवं वाक्य दाखवलं. आहे उल्लेख. मी वाचताना ते वाक्य बहुतेक घरातल्या कोणाच्या तरी बोलण्यात निसटलं असावं. उतरवूनही घेतलं होतं, हे आत्ता मागची पानं उलटताना दिसलं.

संध्याकाळी ५

सासूबाई नऊ पायऱ्या चढल्या आणि बसल्या. दहाव्या पायरीकडे बघत होत्या. मग हिनं आणि मेहुण्यानं दोन्हीकडून धरून त्यांना खाली आणलं, तिरकं तिरकं, एकेक पाय ठेवत. गुडघे टम्म सुजले.

काटेवाल्यांनी तळाशी असलेली स्वतःची खोली त्यांना मोकळी करून दिली आणि आपली वळकटी घेऊन वर आमच्या शेजारच्या अडगळीच्या खोलीत गेले. मी नको नको म्हटलं. ते म्हणाले, तुम्हाला विचारलेलं नाही.

त्या खोलीला खिडकी आहे. समोर हातभर अंतरावर बर्फाच्या कारखान्याची भिंत. भिंत निळी. सासूबाईंनी पिशवीतून नवी उशी काढली, डोकं टेकलं, भिंतीकडे बघितलं आणि म्हणाल्या, रंग तरी जमलाय.

मी बाहेर येऊन फोनला रेंज येते का बघत उभा राहिलो. रेंज चांगली होती. मला वाईट वाटलं. हे कुठे तरी लिहून ठेवलं पाहिजे म्हणून लिहितो.

१० एप्रिल, शुक्रवार. पहाटे ४.३१

कारखाना सुरू झाला. एक मिनिट उशिरा. अखेर काटेवाल्यांची एक चूक सापडली.

पहाटे ४.४०

माझं घड्याळ एक मिनिट पुढे आहे.

सकाळी १०

आजचा दिवस सासूबाईंनी झोपून काढायचा ठरला, सूज उतरेपर्यंत. सगळे खाली त्यांच्या खोलीत चहा घेत बसलो. हिनं माझा फोन मागितला. मी दिला, नाही म्हणायला कारण सुचलं नाही. तिनं काटेवाल्यांची जाहिरात काढून मोठ्यानं वाचली. मग माझा ग्रुपवरचा मेसेज मोठ्यानं वाचला. मग परत जाहिरात, परत मेसेज, असं एकेक वाक्य आळीपाळीनं. ‘थंडगार परिसर’ला भिंतीपलीकडे बर्फाची लादी धाडकन पडली. मेहुण्याच्या नाकातून चहा आला.

लेक म्हणाली, बाबा, फसवी जाहिरात एकच आहे यात आणि ती आपल्या ग्रुपवर आहे.

मी शांतपणे घसाऱ्याचं तत्त्व समजावून सांगितलं. कोणीही प्रश्न विचारला नाही. सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, एक्स्चेंजमध्ये असताना आम्ही नंबर ऐकला तसाच लावायचो हो, त्यातून काही वजा करत नव्हतो.

टायर रिमोल्डचा विषय मेहुण्यानं काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

११ एप्रिल, शनिवार. सकाळी ११

चालत समुद्रावर जाऊन आलो, एकटाच. बावीस मिनिटं. झपाझप चाललो तर एकवीस होतात, पण मग धाप लागून एक मिनिट थांबावं लागतं.

दुपारी १

जे झालं ते सांगतो. विपर्यास नको म्हणून मीच सांगतो.

सासूबाईंना मेहुण्याच्या गाडीत बसवून समुद्राच्या रस्त्यावर नेलं. गाडीतून समुद्र दिसेना, मधे ओळीनं व्हॅन लावलेल्या. वाळूत काठी रुतते, उतरवायची सोय नाही. तेवढ्यात ही ओरडली, थांब थांब, तेच घर! बघतो तर निळी दारं. समुद्राला लागून रस्ता, रस्त्याला लागून व्हरांडा. पायऱ्या दोन. पाणी फोटोत होतं तेवढंच निळं.

घर बंद होतं. एक बाई व्हरांड्यात स्टुलावर चढून दाराला रंग देत होती. हिनं विचारलं, आईला दहा मिनिटं बसू द्याल का? बाई म्हणाली, दहा कशाला, दिवसभर बसा, घर रिकामंच आहे. तिनं स्वतः हात देऊन सासूबाईंना दोन पायऱ्या चढवलं आणि खुर्ची समुद्राकडे वळवून दिली.

मग ती आपणहून सांगायला लागली. ऐन सीझनमध्ये महिनाभर जाहिरात बंद आहे. कोणीतरी तक्रार केली, फोटो खोटे म्हणून. तिनं फोनवर तो रिपोर्ट दाखवला. नाव झाकलेलं होतं. बाण झाकलेले नव्हते. म्हणाली, सव्वीस बाण, मोजलेत मी. साइटवाले म्हणतात तज्ज्ञाचं काम दिसतंय, वेळ लागेल. ज्यांची बुकिंगं होती ती सगळी गेली. नवरा दुसरीकडे नोकरीला जातोय आता, हे घर नाही चाललं तर मी पण जाणार.

ही माझ्याकडे बघत होती. मेहुणा चष्मा पुसत होता. लेक समुद्राकडे बघत होती. मला वाटलं, आत्ता बोलून तिचा मूड कशाला घालवा, घरी गेल्यावर सविस्तर पत्र लिहू. पाच-सहा मिनिटं हा विचार नीट टिकला.

मग सासूबाई खुर्चीतून मान न वळवता म्हणाल्या, जावईबापू, बाण तुमचेच ना?

मी हो म्हटलं.

बाईनं ब्रश डब्यावर आडवा ठेवला. मला वाटलं आता ओरडेल. ती ओरडली नाही. तिनं एवढंच विचारलं, एक फोन का नाही केला? चाळीस जणांना केला होता हो मी फोन. या बाईलाच केला नव्हता.

तिथेच पायरीवर बसून मी तक्रार मागे घेतली. या वेळी दोनच ओळी लिहिल्या. फोटो खरे आहेत. चूक माझी.

संध्याकाळी ७

बाई म्हणाली, आजी आजची रात्र इथेच राहू देत. बाकीचेही राहा, खोल्या आहेत. मग माझ्याकडे बघून म्हणाली, बाण काढणाऱ्यांनी टेकडीवर जावं. सगळे हसले. मीही हसलो. ती हसली नाही, तेव्हा कळलं की खरंच जायचंय.

आलो. पायऱ्या परत मोजल्या, सवय लागलीय.

काटेवाल्यांनी अंडी उकडली, टोस्ट भाजले. मी विचारलं, इतकं खरं कशाला लिहिता, कोण येईल अशानं? ते म्हणाले, तीस वर्षं काट्यावर बसलो. ट्रकवाले रोज म्हणायचे, शंभर किलो इकडचे तिकडे करा. एकदा केले असते तर पुढच्या प्रत्येक ट्रकपाशी तेच ऐकावं लागलं असतं. आणि माणसं येतात की. वाचून येतात ती सुखात राहतात.

वाचून न येणाऱ्यांबद्दल ते काही बोलले नाहीत. मीठ पुढे सरकवलं.

१२ एप्रिल, रविवार. सकाळी ७

सामान घेऊन खाली ‘निळी दारं’ला गेलो. दार उघडंच होतं. सासूबाई पलंगावर, नव्या उंच उशीवर डोकं, चादर गळ्यापर्यंत. समोर पाणी, अगदी पायाशी असल्यासारखं. ही शेजारी खुर्चीत बसल्या बसल्या झोपलेली. सासूबाई जाग्या होत्या. कधीपासून बघत होत्या कोण जाणे. मला खुणेनं म्हणाल्या, आवाज करू नका.

मी दारातच उभा राहिलो. छान वाटत होतं आणि लाजही वाटत होती, दोन्ही एकदम.

निघताना हळूच म्हणाल्या, जावईबापू, काहीही म्हणा, घर तुम्हीच राखून ठेवलंत हो माझ्यासाठी.

आधी मला टोमणा वाटला. गाडीत सहा तास विचार केला. बरोबर आहे त्यांचं! तक्रार नसती तर ऐन सीझनमध्ये हे घर रिकामं मिळालं असतं का? थोडं आडवळणानं झालं, पण झालं ना. हिला तसं म्हणून दाखवलं. तिनं गाडीतलं गाणं मोठं केलं.

१४ एप्रिल, मंगळवार

साइटकडून कळलं, ‘निळी दारं’ पुन्हा सुरू. दोन दिवसांत चार बुकिंगं. पाचवं हिचं आहे, ऑपरेशननंतर सासूबाई चालायला लागल्या की जायचं म्हणून. किती जणांसाठी, असं विचारलं तर म्हणाली, बघू.

मी ठरवलं, झालं गेलं विसरून पुढे बघायचं. या अनुभवावर ऑफिसात एक छोटं व्याख्यान द्यावं म्हणतो. घसाऱ्याचा दर चुकला होता, तत्त्व बरोबर आहे. चाळीसऐवजी पंचवीस लावायला हवा होता.

संध्याकाळी ६

आज कळलं, की पाहुणे जसा घराला रिव्ह्यू देतात तसा मालकही पाहुण्यांना देतो आणि तो पुढच्या सगळ्या मालकांना दिसतो. काटेवाल्यांचा आला आहे. उतरवून ठेवतो:

‘पाहुणे पाच. एक आजी. त्या वर येऊ शकल्या नाहीत, दोन रात्री खाली माझ्या खोलीत राहिल्या, तिसरी दुसऱ्या घरी. बुकिंग करणाऱ्या गृहस्थांनी जाहिरात वाचली होती. फोनवरही मी विचारलं होतं. तरी त्यांनी घरच्यांना वेगळं सांगितलं. शेवटी चूक कबूल केली, पण सासूबाईंनी विचारल्यावर. भांडी घासून ठेवली. एक कप फुटला, सांगितलं नाही.’

ऑफिसच्या नजरेनं तीनदा वाचलं. एकेक वाक्य वेगळं काढून तपासलं. कपाचंसुद्धा.

खोटं काही सापडलं नाही.